ऑफिसात निसर्ग हवाय? मग कुंड्या सगळ्यात शेवटी

ऑफिसात निसर्ग आणायचा असं एकदा ठरलं की बहुतेक ठिकाणी पहिली ऑर्डर जाते ती कुंड्यांची. रिसेप्शनच्या मागे एक हिरवी भिंत, टेबलांच्या रांगेत चार-दोन झाडं, पॅन्ट्रीत लाकडासारखी दिसणारी टाईल, संपलं. मग काही महिन्यांनी त्यातली बरीच झाडं पिवळी पडतात, त्यांच्या जागी प्लास्टिकची येतात, आणि माणसं आहेत तिथेच बसलेली असतात, खिडकीपासून वीस मीटर लांब, पांढऱ्या ट्यूबखाली. मला हे बघून खरंच वाईट वाटतं कारण पैसे खर्च झालेले असतात, हेतूही चांगला असतो, फक्त सुरुवात उलट्या टोकाकडून झालेली असते. हा विषय मुळात इमारतीच्या नकाशाचा आहे, इंटिरियर नंतर येतं, आणि नकाशात जे राहून गेलं ते कुंडीने भरून निघत नाही. ते कसं, हेच जरा सविस्तर सांगायचंय.

या सगळ्याला बायोफिलिक डिझाईन म्हणतात. एडवर्ड विल्सन म्हणून अमेरिकेत एक मोठे जीवशास्त्रज्ञ होते, मुंग्यांवर आयुष्यभर काम केलं त्यांनी. १९८४ साली त्यांनी ‘बायोफिलिया’ या नावाने असं मांडलं की माणसाला बाकीच्या सजीवांची ओढ असते आणि ती उपजत असते, कारण आपली जात लाखो वर्षं झाडं, पाणी, गवत, प्राणी यांच्यातच घडली, बंद खोलीत दिवस काढायला लागून आपल्याला तशी फारच थोडी वर्षं झालीत. आता ही ओढ किती उपजत आणि किती सवयीची यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत, असू देत, पण तिचा परिणाम मोजता येतो आणि तो मोजलाही गेलाय.

त्याच वर्षी, म्हणजे १९८४ मध्येच, रॉजर अल्रिक या संशोधकाचा एक छोटासा अभ्यास छापून आला जो आज या विषयातला प्रत्येक माणूस सांगतो. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमधली पित्ताशयाच्या ऑपरेशनची जुनी रेकॉर्ड्स त्यांनी काढली, त्यातून ४६ पेशंट निवडले, वय वगैरे जुळवून २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. बाकी सगळं जवळपास सारखं. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले आणि भिंतवाले ८.७० दिवसांत, शिवाय झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. पेशंट थोडे होते हे खरं, पण इथे खिडकी दोघांनाही होती हे लक्षात घ्या, फरक फक्त पलीकडे काय दिसतं याचा होता.

ऑफिसच्या बाबतीत मला सगळ्यात पटणारा अभ्यास म्हणजे २००३ सालचा, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहराच्या वीज कंपनीच्या कॉल सेंटरमधला. कॉल सेंटरमध्ये कोण किती वेळात कॉल निपटतं हे कॉम्प्युटर आपोआप नोंदवतच असतो त्यामुळे अंदाजाचा प्रश्न येत नाही. तिथे असं दिसलं की ज्यांना बाहेरचं उत्तम दृश्य होतं ते काहीच न दिसणाऱ्यांपेक्षा ६ ते १२ टक्के वेगाने कॉल हाताळत होते.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं की मग मोठी स्क्रीन लावू, जंगलाचा व्हिडिओ चालू ठेवू. हेही करून बघितलंय. २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात पीटर कान आणि सहकाऱ्यांनी ९० जणांना तीन प्रकारे बसवलं, एक खऱ्या खिडकीसमोर, एक त्याच दृश्याचं लाईव्ह चित्र दाखवणाऱ्या प्लाझ्मा स्क्रीनसमोर आणि एक कोऱ्या भिंतीसमोर, आणि थोडा ताण दिल्यावर हृदयाचे ठोके किती लवकर खाली येतात ते पाहिलं. खरी खिडकी जिंकली. स्क्रीन आणि कोरी भिंत यांच्यात मात्र फरकच दिसला नाही. म्हणजे लाखो रुपयांची स्क्रीन या बाबतीत भिंतीच्याच लायनीत.

हे होतं कशामुळे हे समजलं की डिझाईनचे निर्णय आपोआप सोपे होतात म्हणून थोडं त्याबद्दल. एक गोष्ट लक्ष देण्याची. मिशिगन विद्यापीठातले स्टीफन आणि रेचेल कॅप्लन यांनी सांगितलं की आपण कामावर जे लक्ष लावतो ते जोर लावून लावलेलं असतं, आजूबाजूचं सगळं दाबून, आणि ते थकतं. पानं हलताना, ढग सरकताना, पाण्यावर उजेड नाचताना बघितलं की नजर तिकडे आपसूक जाते, काहीही जोर लागत नाही, आणि तेवढ्यात ते थकलेलं लक्ष सावरतं. २०१५ मध्ये मेलबर्नला १५० विद्यार्थ्यांना स्क्रीनवरचं एक कंटाळवाणं काम दिलं, मध्ये फक्त ४० सेकंदांची सुट्टी, त्यात काहींना फुलागवताची गच्ची दाखवली आणि काहींना काँक्रीटची. हिरवी गच्ची बघितलेल्यांच्या चुका कमी झाल्या. तेसुद्धा चित्रच होतं बरं का, म्हणजे लक्षाच्या बाबतीत चित्राचाही थोडा उपयोग होतो, पण शरीराचा ताण उतरायला चित्र पुरत नाही, दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर मला तरी हेच दिसतं.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि ही जास्त महत्त्वाची आहे. आपल्या डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत ज्यांचं मुख्य काम बघण्याचं नाहीच, त्या फक्त मेंदूला कळवतात की आत्ता दिवस आहे की रात्र. त्यांच्याबद्दल नीट कळलं ते साधारण २००२ च्या आसपास, म्हणजे अगदी अलीकडे. निळसर उजेडाला, ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या, त्या सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात आणि शरीराचं घड्याळ त्यांच्या भरवशावर चालतं, झोप, भूक, तरतरी सगळं त्याला जोडलेलं. आता आकडे बघा. भरून आलेल्या दिवशीसुद्धा बाहेर १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड असतो, लख्ख उन्हात १,००,००० लक्सपर्यंत जातो, आणि ऑफिसच्या टेबलावर असतो ३०० ते ५००. डोळ्याला सवय होते म्हणून आपल्याला तो पुरेसा वाटतो, पण त्या पेशींच्या हिशोबाने माणूस दिवसभर संध्याकाळीच बसलाय, आणि मग रात्री तोंडाजवळ मोबाईलचा उजेड. झोप बिघडली तर नवल काय. खिडकीला लागून बसलेल्याला मात्र सहज काही हजार लक्स मिळू शकतात, काही मीटर आत गेलं की तेच झपाट्याने घसरतं.

इथे नकाशा येतो. वीजेचे दिवे अंधुक होते तोपर्यंत ऑफिस इमारती बारीकच असायच्या, न्यूयॉर्कच्या जुन्या इमारती वरून बघितल्या तर इंग्रजी ई, एच, यू अशा आकाराच्या दिसतात कारण प्रत्येक खोलीला खिडकी हवीच होती, दुसरा इलाजच नव्हता. मग १९३० च्या दशकाच्या शेवटी फ्लुरोसंट ट्यूब बाजारात आली, पाठोपाठ एसी स्वस्त होत गेला, १९५२ मध्ये न्यूयॉर्कला लिव्हर हाऊस उभं राहिलं, पूर्ण काचेचं आणि एकही खिडकी न उघडणारं, आणि सगळ्या जगाने तेच उचललं. आता खिडकी ही गरज राहिली नव्हती त्यामुळे मजले जाड जाड, म्हणजे खिडकीपासून खिडकीपर्यंत रुंद, होत गेले, कारण जाड मजला बांधायला स्वस्त पडतो, बाहेरची भिंत कमी लागते. १९७३ च्या तेल टंचाईनंतर वीज वाचवायला बाहेरची ताजी हवासुद्धा कमी केली गेली आणि पुढच्या दशकात डोकेदुखी, डोळे चुरचुरणं, सुस्ती अशा तक्रारी इमारतींच्या इमारतींमधून यायला लागल्या, तेव्हा त्याला आजारी इमारतीचं दुखणं असं नावच पडलं.

उजेड किती आत जातो याचा एक ठोकताळा आहे, खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच त्याच्या दीडपट ते दुप्पट. म्हणजे कड २.७ मीटरवर असेल तर चार ते साडेपाच मीटर. त्यापुढे दिवसाढवळ्या दिवे लावूनच बसायचं. त्यामुळे दोन्ही बाजूंनी खिडक्या धरल्या तरी मजला साधारण १२ ते १५ मीटर रुंदीचा असला तरच सगळ्यांना आकाश मिळतं. जर्मनीत तर कामाच्या जागेवरून बाहेरचं दिसलं पाहिजे अशी नियमातच तरतूद आहे आणि तिथली ऑफिसं त्यामुळे बारीक राहिलीत. प्लॉट रुंद असेल तर? मग मधोमध चौक कापायचा. न्यूयॉर्कचं फोर्ड फाउंडेशनचं ऑफिस, १९६७ सालचं, १२ मजली आहे आणि पोटात अख्खी बाग घेऊन उभं आहे, ऑफिसं त्या बागेकडे तोंड करून. फ्रँकफर्टचा कॉमर्झबँक टॉवर, वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांचा, १९९७, तो त्रिकोणी आहे आणि मध्ये पोकळ, चार-चार मजले उंचीच्या नऊ बागा त्याच्याभोवती वळत वर जातात, त्यामुळे आतल्या बाजूला बसलेल्यालाही झाडं आणि त्यापलीकडे शहर दिसतं, आणि एवढ्या उंच इमारतीतही खिडक्या उघडता येतात. ॲमस्टरडॅमला एनएमबी बँकेने १९८७ मध्ये एक मोठा ठोकळा बांधण्याऐवजी दहा मनोरे नागमोडी ओळीत जोडले. हे सगळे निर्णय कागदावर असतानाच होतात. इमारत उभी राहिल्यावर कुणी पोटात चौक कापत नाही.

सिॲटलमधले ॲमेझॉनचे ते काचेचे गोल घुमट सगळ्यांनी फोटोत पाहिले असतील, २०१८ मध्ये उघडले, आत ४०,००० झाडं. सुंदरच आहेत, त्यात वाद नाही. पण ती भेटायची, थोडा वेळ बसून काम करायची जागा आहे, रोजची टेबलं शेजारच्या टॉवरमध्ये. माझं मत असं की ज्या बागेत उठून ‘जावं’ लागतं तिथे माणूस कामाच्या गर्दीत जातच नाही, आणि जे दिवसभर बसल्या जागेवरून मान वर केली की दिसतं त्याचाच खरा उपयोग.

आता एक गोष्ट जिला एक पैसाही लागत नाही आणि तरी कुठेच होत नाही. खिडकीजवळ कोण बसतं? केबिनवाले. अख्ख्या मजल्याच्या कडेने केबिनी लागतात, त्यांना भिंती, त्या भिंतींना बाहेर मोकळ्यात बसलेल्यांची पाठ, आणि केबिनवाले साहेब निम्मा दिवस मीटिंगमध्ये असल्याने ती खिडकी रिकाम्या खुर्चीला उजेड देत बसते. जे आठ-नऊ तास हलत नाहीत ते मध्ये अंधारात. हे उलटं करायला हवं, केबिनी, मीटिंग रूम, स्टोअर, सर्व्हर, प्रिंटर हे सगळं आत लिफ्टच्या बाजूला घ्यायचं, पुढे काच लावायची म्हणजे त्यांनाही लांबून बाहेरचं दिसतं, आणि खिडकीची कड टेबलांना द्यायची. हा मला निव्वळ डिझाईनचा प्रश्न वाटत नाही, उजेड कुणाच्या वाट्याला येतो हा न्यायाचाही प्रश्न आहे. शिवाय बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतो, म्हणजे पार्टिशन त्याहून उंच गेलं की खिडकी असून नसल्यासारखी.

पण म्हणून सगळी इमारत काचेची केली की झालं असंही नाही, उलट तिथेच फसगत होते. पूर्ण काचेतून ऊन आत येतं, स्क्रीनवर चमक येते, कुणीतरी सकाळी नऊला ब्लाइंड खाली ओढतं आणि ते ब्लाइंड पुढे कित्येक महिने वर जात नाही. काच आहे, उजेड आहे, दृश्य आहे, आणि आत ब्लाइंड खाली आणि दिवे चालू. यावर उपाय जुनेच आहेत, खिडकीचे दोन भाग करायचे, वरचा उजेडासाठी आणि खालचा बघण्यासाठी, दोन्हींना वेगळे पडदे, मध्ये एक आडवी फळी जिच्यावरून उजेड उसळून छताला लागतो आणि आतपर्यंत जातो. दुपारचं वरून येणारं ऊन आडव्या छज्ज्याने अडतं, पूर्व-पश्चिमेचं तिरपं ऊन मात्र छज्ज्याने अडत नाही, तिथे उभ्या पट्ट्या किंवा बाहेर झाड लागतं. आणि ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर, एकदा काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते.

काचेचं अजून एक आहे जे मला फार टोचतं. पक्ष्यांना काच कळत नाही, तिच्यात आकाश आणि झाडं दिसतात आणि ते थेट त्यात घुसतात. एकट्या अमेरिकेत इमारतींवर आपटून वर्षाला ३६ कोटींपासून जवळजवळ १०० कोटींपर्यंत पक्षी मरतात असा अंदाज आहे. निसर्गाशी जोडणारी इमारत म्हणून मिरवायचं आणि खाली रोज सकाळी मेलेले पक्षी झाडून काढायचे हे चालणार नाही. काचेच्या बाहेरच्या अंगाला पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके किंवा रेघा असल्या तरी पक्षी वळतात, आतून आपल्याला ते फारसे जाणवतही नाहीत, आणि न्यूयॉर्क शहराने तर नव्या इमारतींना अशी काच कायद्यानेच सक्तीची केलीय.

हवेबद्दल एक मोठा गैरसमज आहे. झाडं ऑफिसची हवा शुद्ध करतात असं जे सगळीकडे फिरतं ते नासाच्या १९८९ च्या एका अभ्यासावरून आलंय. तो अभ्यास खरा आहे, पण तो लहानशा हवाबंद पेट्यांमधला होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी असे सगळे प्रयोग एकत्र करून हिशोब केला तेव्हा निघालं की साध्या इमारतीत आपोआप जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. म्हणजे बसायला जागा उरणार नाही. झाडं ठेवा, जरूर ठेवा, ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या ऑफिसांत २०१४ मध्ये उघड्याबोडक्या जागेत झाडं आणल्यावर काम १५ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलंय, पण ती डोळ्यांसाठी आणि मनासाठी ठेवा. हवेसाठी बाहेरची हवाच आत आणावी लागते. बाहेर कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो आणि दार लावून दहा जण मीटिंगला बसले की तासाभरात दीड हजाराच्या वर सहज जातो, मग जांभया येतात आणि दोष प्रेझेंटेशनला. हार्वर्डच्या टीमने २४ ऑफिस कर्मचाऱ्यांना न सांगता आतली हवा रोज बदलून निर्णयक्षमतेची चाचणी घेतली होती, नेहमीच्या ऑफिसच्या हवेपेक्षा रसायनं कमी असलेल्या हवेत गुण सरासरी ६१ टक्क्यांनी वाढले आणि वर ताजी हवाही वाढवली तेव्हा दुप्पट झाले. बाहेर धूर-धूळ असेल तर खिडकी उघडून भागत नाही, फिल्टर लावूनच हवा घ्यावी लागते हे आलंच. पण जिथे जमतं तिथे हाताने उघडता येणारी खिडकी द्यावी, कारण खिडकी स्वतःच्या हातात असली की माणूस थोडं गरम-थंडही चालवून घेतो, हे तापमानाच्या अभ्यासांमध्ये इतकं वारंवार दिसलं की अमेरिकेतल्या एसी इंजिनियरांच्या मानकातही ते घेतलं गेलं.

हिरव्या भिंतीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाहीये, स्पष्टच सांगते. मुळांना माती जेमतेम, सगळा जीव पंपावर आणि ठिबकच्या नळ्यांवर, पंप बंद पडला की काही दिवसांत भिंत वाळते, आतल्या भिंतीला तर दिवेही वेगळे लावावे लागतात आणि मेंटेनन्सचा करार कायमचा. तेवढ्याच पैशात जमिनीत एक खरं झाड लावता येतं, त्यावर पक्षी येतात, पानं गळतात, पालवी फुटते, आत बसलेल्याला ऋतू कळतो. फक्त ते झाड तळघराच्या स्लॅबवर येणार असेल तर मीटरभर तरी माती हवी आणि ओल्या मातीचं वजन घनमीटरला दोन टनांपर्यंत जातं, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनियरला पहिल्या दिवशी सांगितलेलं असलं पाहिजे. शेवटी सांगितलं तर मिळते ती कुंडीच. कारंज्याचंही तसंच, पाण्याच्या आवाजाने आजूबाजूची बडबड झाकली जाते हे खरं, पण तुषार उडणारं पाणी स्वच्छ ठेवलं नाही तर त्यात न्यूमोनियासारखा आजार करणारे लीजिओनेलाचे जंतू वाढू शकतात, म्हणून वाहतं पाणी ठेवा, तुषार नकोत.

जिना सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. सिॲटलच्या बुलिट सेंटरमध्ये, २०१३ ची सहा मजली इमारत, जिना दर्शनी बाजूला काचेत ठेवलाय, चढताना शहर आणि समुद्राची खाडी दिसते, आणि लिफ्ट मागे. लोक आपणहून जिन्याने जातात.

आणि ज्यांचं ऑफिस भाड्याचं आहे, इमारत बदलणं हातात नाही, त्यांनी काय करायचं? बरंच काही. आधी मजल्याचा नकाशा घेऊन खिडकीपासून पाच-सहा मीटरवर एक रेघ मारा आणि रेघेच्या खिडकीकडच्या बाजूला किती माणसं बसतात, किती खुर्च्या रिकाम्या असतात ते मोजा, बहुतेक वेळा एवढ्यावरच डोळे उघडतात. मग टेबल हलवा, खिडकी समोर किंवा पाठीमागे आली की चमक त्रास देते, बाजूला आली की बरं, आणि पाठ जाण्यायेण्याच्या वाटेकडे नको, ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जे ॲपल्टन यांनी १९७५ मध्येच सांगितलंय की माणसाला समोर मोकळं आणि पाठीमागे आडोसा असला की स्वस्थ वाटतं. गच्चीचं दार कुलूप काढून उघडं ठेवा, तिथे सावली आणि बाक एवढं पुरे. आणि दिव्यांची बटणं बघा, बऱ्याच ठिकाणी खिडकीला काटकोनात रांगा जोडलेल्या असतात त्यामुळे आतल्या माणसाला दिवा हवा म्हणून खिडकीजवळचाही लागतो, त्या रांगा खिडकीला समांतर करून घेतल्या की कडेचे दिवे दिवसभर बंद ठेवता येतात. नवीन जागा घेत असाल तर हे फॉल्स सीलिंग बंद व्हायच्या आधीच इलेक्ट्रिशियनला सांगा, नंतर ते उघडायला कुणी तयार होत नाही.